पाण्याची वाट

"बाबा, मला एक नकाशा काढून द्याल?" असे आमच्या चिरंजीवांनी नवरात्र संपता संपता विचारले, तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवले. गेल्या पाच महिन्यांत त्याने माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नव्हते.

त्याला कारण मीच होतो. अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून हा मुलगा लग्नाच्या चित्रफिती जुळवून देण्याचे काम करतो. त्याचे यंत्र मागच्या पत्र्याच्या खोलीत. अकोल्याचा मे महिना. बाहेर पारा ४५च्या पुढे. कॉम्प्युटर तापून रात्रीत तीन तीनदा आपोआप बंद पडू लागला, काम वेळेवर गेले नाही आणि पैसे बुडाले. तेव्हा मी म्हणालो, "डिग्री अशी मध्येच बंद पडत नाही." वाक्य चांगले साधले, असे त्या क्षणी मला वाटलेही. लेखकाची ही फार वाईट खोड असते.

तर आता त्याला कॉम्प्युटरमधून पाणी खेळवायचे होते. ओल्या हाताने दिव्याच्या बटणाला शिवू नये एवढेच विद्युतशास्त्र मला येते. दहावीनंतर चित्रकलेची पदविका घेऊन मी मास्तर झालो. पदार्थविज्ञान तिथेच सुटले. पण पाणी म्हटल्यावर मला एकदम आपला माठ आठवला आणि मी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे माठासारखेच की!"

"नाही बाबा. माठाचे पाणी झिरपते, उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आपली वाट सगळीकडून बंद. हे पाणी नुसता हमाल आहे. इथले ओझे उचलायचे, तिथे नेऊन टाकायचे. खोलीत ४० अंश असतील, तर हे पाणी ४०च्या खाली कधीच जाणार नाही."

मग एवढा खटाटोप कशाला, असे मी विचारले. त्याने सांगितले की तेवढ्याच जागेतल्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पाणी उचलते. एवढ्याशा चकतीवर साचलेली धग त्यामुळे मोठ्या रेडिएटरपर्यंत नेता येते, आणि तिथे मोठे पंखे सावकाश, आवाज न करता फिरवता येतात. १९८५ साली अमेरिकेत क्रे-२ नावाचा महासंगणक झाला, त्याची तर सगळी मंडले एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवूनच ठेवली होती म्हणे. हे ऐकून मला जरा धीर आला.

मी ड्रॉइंगचा कागद ताणून बसवला आणि पेटीचे माप घेतले. प्रोसेसर १०५ वॉटचा, ग्राफिक्स कार्ड २२० वॉटचे. म्हणजे शंभर शंभर वॉटचे तीन दिवे एका डब्यात कोंडल्यासारखे, वर पंचवीस. ढोबळ हिशेब असा, की १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागे शंभर वॉट. म्हणून पुढे तीन पंख्यांचा रेडिएटर, आणि आवाज कमी हवा म्हणून वर आणखी दोन पंख्यांचा. आधी पाणी प्रोसेसरकडे न्यायचे की कार्डाकडे, यावर मी बराच वेळ डोके खाजवले. पण पाणी इतक्या भराभर फिरते की क्रमाने एक-दोन अंशांचाच फरक पडतो. मग जी वाट आखूड ती धरली. रेडिएटर तांब्यापितळेचा असेल तर ॲल्युमिनियमचा एकही तुकडा वाटेत येऊ द्यायचा नाही. ते दोन धातू एका पाण्यात नांदत नाहीत, ॲल्युमिनियम गंजत जाते. आणि नळ्यांच्या जोडांना म्हणतात पाव इंची, पण आटे मोजले तर अर्ध्या इंचाहून थोडे जास्तच भरतात! शाळेतल्या कोणा मुलाने असे माप लिहिले असते, तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

खरा वाद झाला तो नळ्यांवरून. काटकोनात वाकवलेल्या पारदर्शक नळ्या आणि त्यांतून निळे पाणी, असे माझ्या मनात चित्र रंगले होते. मुलगा म्हणाला, "पेटजीची नळी ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. खोलीतच चाळीस असतील, तर पाणी पन्नासच्या वर जाणार. आपल्या गावाला काळे रबरच बरे." मी मुकाट्याने निळी पेन्सिल खाली ठेवली.

सगळ्याची बेरीज चाळीस हजारांच्या घरात गेली. मी देतो, म्हणालो. तो काही बोलला नाही.

आई पलीकडे वाती वळत होती. ती म्हणाली, "अरे, पण त्या पत्र्याखाली पाणी तरी काय करील? माझ्या खोलीत कूलर आहे ना? तिथे आण तुझा डबा."

आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. इतका बारकाईने काढलेला नकाशा, आणि त्यात खोलीच नव्हती! पाण्याने ओझे टाकायचे ते खोलीतच. ती तापलेली असेल तर हमालाने करायचे काय?

"आजी, मी रात्रभर काम करतो. तुला झोप लागायची नाही."

"मला कुठे लागते? कुणी जागे असले तर बरेच. फक्त तो पंखा किंचाळता कामा नये."

मग मी पेटीभोवती खोली काढली. कूलर, आईची खाट, खिडकी. कूलरचे थेंब उडतात म्हणून पेटी जरा बाजूला घेतली. मुलाने आणखी एक नळी सर्वांत खालच्या टोकाला काढायला लावली. पुढेमागे पाणी बदलायचे झाले तर उपसायला तोटी हवी. गळतीची परीक्षा कशी घ्यायची तेही त्याने सांगितले: बाकी सगळे बंद ठेवून एकटा पंप दिवसरात्र चालवायचा, आणि प्रत्येक जोडाखाली टिपकागद.

नकाशा पुरा झाल्यावर तो बराच वेळ त्यावर वाकून उभा होता. मग माझ्या डब्यातली तपासायची लाल पेन्सिल त्याने उचलली आणि एका ठिकाणी गोल केला. मी पंप टाकीच्या वर काढला होता. पंप क्षणभरही कोरडा फिरता कामा नये, त्याला वंगण त्या पाण्याचेच. टाकीतले पाणी आपल्या वजनाने त्याच्यात उतरले पाहिजे. बाजूला त्याने लिहिले, 'खाली'.

बावीस वर्षे त्या लाल पेन्सिलीने मी दुसऱ्यांची चित्रे तपासतो आहे. मी खोडरबर शोधू लागलो.