रणाच्या दोन जिभा

सिंधमधील नगरपारकरच्या दोन्ही अंगांनी उत्तरेकडे शिरलेल्या कच्छच्या रणाच्या त्या दोन जिभा नकाशावर दिसल्या की आजही माझे चित्त अस्वस्थ होते. कच्छ-सिंध सरहद्दीच्या तंट्यासाठी १९६६ साली मुंबईतील जुन्या दप्तराचे रुमाल सोडून नकला उतरवण्याच्या कामावर जे कारकून नेमले गेले त्यांत मी होतो. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात मोडत असल्याने पुष्कळसा पुरावा आमच्याच फडताळांत होता.

१९६५ च्या एप्रिलात रणात भारत-पाकिस्तानच्या चकमकी झाल्या, ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन यांनी मध्यस्थी केली, ३० जूनला करार झाला आणि लवादाच्या निवाड्यावर कोणत्याही कारणास्तव हरकत घ्यायची नाही अशी कबुली उभय सरकारांनी आधीच दिली, हे सर्वश्रुत आहे. पुढे सप्टेंबरात युद्ध पेटले, तरीही जिनिव्हातील लवाद मोडला नाही.

मुंबई सरकारच्या वार्षिक अहवालांत सुमारे ९,००० चौरस मैलांचे रण कच्छच्या रावांच्या मुलखात गणलेले मी स्वहस्ते उतरवले होते. त्यामुळे निवाडा काय लागणार याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी तो जाहीर झाला. पाकिस्तानने मागितलेल्या सुमारे ३,५०० चौरस मैलांपैकी एक दशांशच त्यास मिळाले, म्हणजे आमच्या कागदांची किंमत झाली, हे मान्य. रणातील छाडबेट आणि धारा बन्नी सिंधकडील लोकांच्या चराईच्या वहिवाटीमुळे गेली, तेही मी एक वेळ समजू शकलो, कारण वहिवाट हा दप्तराला परिचित असा हक्क आहे. परंतु त्या दोन जिभांबाबत लवादाचे अध्यक्ष लागरग्रेन यांनी, जवळजवळ चहूंकडून पाकिस्तानी भूमीने वेढलेला हा प्रदेश परकीय मानणे न्याय्य होणार नाही, त्यातून कलह उद्भवेल आणि शांततेसाठी तो पाकिस्तानचाच समजला पाहिजे, असे जे कारण दिले, ते वाचून मी कितीतरी वेळ सुन्न बसून राहिलो. शांतता हा पुरावा कोणत्या मिसलीत दाखल होतो? आपण नेमलेले सदस्य बेब्लर यांनी भिन्न मत नोंदवले, दुसरे सदस्य इराणचे एन्तेझाम अध्यक्षांशी सहमत झाले, आणि दोन विरुद्ध एक मतांनी रेषा कायम झाली.

देशात सत्याग्रह झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९६९ साली न्यायालयाने सरहद्दीच्या अशा निवाड्यास घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही असे ठरवले. लवाद पत्करणाऱ्या सरकारने, आपण कोणत्या प्रदेशाविषयी तिऱ्हाइताच्या हाती निर्णय सोपवत आहोत, हे रयतेस आधीच उघड सांगावे, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे. आणि तरीही, उजाड चिखलमिठाच्या त्या पट्टीपायी पुन्हा एखाद्या मातेचा पुत्र पडला असता तर माझ्या नकला तिच्या कोणत्या उपयोगी पडल्या असत्या, असाही विचार मनात येतो, आणि तेव्हा लागरग्रेन यांच्यावरील माझा राग टिकत नाही.

सीर खाडीच्या हद्दीविषयीच्या मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावाची नक्कलही मीच उतरवली होती. त्या खाडीचा भाग उभय पक्षांनी वादग्रस्त नाही म्हणून लवादाबाहेर ठेवला होता. म्हणून ते काम मी एका दुपारी, फारसे लक्ष न देता, उरकून टाकले. त्या खाडीचा तंटा अजून मिटलेला नाही.