वाळूचा स्वभाव

कोबो आबे यांची ‘सुना नो ओन्ना’, म्हणजे ‘वाळूतली बाई’, ही जपानी कादंबरी 1962 साली प्रसिद्ध झाली. निकी जुम्पेई हा शाळामास्तर सुटीत कीटक गोळा करायला समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत जातो. परतायला उशीर होतो आणि गावकरी रात्रीपुरता आसरा देतात. ज्या घरात त्याला उतरवतात ते वाळूच्या खोल खड्ड्याच्या तळाशी आहे. तिथे एक विधवा एकटी राहते. सकाळी तो पाहतो तर दोरीची शिडी वर ओढून घेतलेली असते. रोज रात्री वाळू उपसायची, गावकरी ती वर ओढून घेणार आणि त्या बदल्यात पाणी सोडणार. उपसा थांबला तर हे घर गाडले जाईल, आणि हे गाडले गेले की पाळी शेजारच्या घराची.

कादंबरी अतिवास्तव म्हणून ओळखली जाते, पण तिची मांडणी प्रयोगवहीसारखी काटेकोर आहे. आबे यांनी टोकियो विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली होती. वाळूच्या कणाचा व्यास एक-अष्टमांश मिलिमीटर, हा तपशील कथेत पुन्हा पुन्हा येतो. कोरडी वाळू तीस-पस्तीस अंशांहून जास्त चढाला टिकत नाही, ती घसरते. त्यामुळे घराभोवतीच्या उभ्या वाळूच्या भिंती प्रत्यक्षात अशक्य आहेत. लेखकाने स्वतःसाठी मोठी सूट घेतली आहे ती एवढीच. ती मान्य केली की पुढचे सगळे हिशेबाने घडते.

वाळू वाहते, साचते आणि गिळते, याचा दाखला चेन्नईच्या किनाऱ्यावर रोज दिसतो. तिथला समुद्र वर्षभरात एकंदरीत वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे नेत असतो. 1870च्या दशकात मद्रास बंदराचे बांधकाम सुरू झाले आणि या प्रवाहाला आडवी भिंत मिळाली. अडलेली वाळू दक्षिणेला साचत गेली; आजचा मरीनाचा ऐसपैस किनारा असा तयार झाला. उत्तरेला रायपुरमकडे वाळू पोचेनाशी झाली, तिथला किनारा समुद्राने कुरतडला आणि वस्ती वाचवायला दगडांचे बांध घालावे लागले. एका बाजूला साचते ती वाळू दुसऱ्या बाजूची गेलेली असते. आबे यांच्या खड्ड्यातला व्यवहार याच स्वभावावर उभा आहे.

हिरोशी तेशिगाहारा यांनी 1964 साली कादंबरीवर चित्रपट केला. पटकथा स्वतः आबे यांची, संगीत तोरू ताकेमित्सु यांचे. तेशिगाहारा यांचे वडील सोफू हे सोगेत्सु या पुष्परचना-संप्रदायाचे संस्थापक. फांदी, दगड, पान यांच्याकडे रोखून पाहण्याचे वळण घरातलेच होते. चित्रपटाच्या सुरुवातीला वाळूचा एकच कण पडदाभर धोंड्याएवढा दिसतो, मग अनेक कण, मग टेकड्या. पुढे तीच वाळू छपरातून झिरपते, भांड्यात पडते, घामेजल्या कातडीला चिकटते. स्वप्नाची चाहूल देणारे धूसर चित्रण फारसे नाही. कृष्णधवल चौकटीत वाळू इतकी खरी दिसते की खड्ड्याच्या भिंतींबद्दल शंका काढायला प्रेक्षकाला सवडच राहत नाही. कानच्या महोत्सवात चित्रपटाला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. पुढे उत्कृष्ट परभाषी चित्रपट आणि दिग्दर्शन अशी दोन ऑस्कर नामांकनेही मिळाली.

शेवटही वाळूच्याच गुणधर्मातून निघतो. कावळा पकडायला पुरलेल्या बादलीत मास्तरांना पाणी साचलेले आढळते. केशाकर्षणाने वाळू खालचा ओलावा वर खेचत असते. कावळ्यासाठी लावलेल्या या सापळ्याला त्यांनी ‘आशा’ असे नाव दिलेले असते. बाईला दवाखान्यात नेताना शिडी तशीच राहते. वाट मोकळी असूनही मास्तर पळून जात नाहीत, कारण पाण्याचा शोध कुणाला तरी सांगायचा आहे आणि तो समजेल तो या गावालाच. सात वर्षांनी न्यायालय त्यांना बेपत्ता ठरवते.

अद्भुत गोष्ट अशी ठोस करून मांडण्याचे मराठीतले जवळचे उदाहरण चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’चे (1966). वेंगुर्ल्याजवळ या नावाचा किनारा आहे. श्याम बेनेगल यांनी 1978 साली या कादंबरीवर हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम’ असे दोन चित्रपट केले. नायक परशुरामच्या पत्नीची भूमिका तेलुगू पडद्यावरच्या लोकप्रिय नायिका वाणिश्री यांनी केली. घर सोडून निघालेल्या परशुरामला कोंडुरा नावाचा ऋषी भेटतो आणि ब्रह्मचर्याच्या अटीवर गर्भपाताची एक मुळी देतो. अमरीश पुरींचा कोंडुरा हाडामांसाचा आहे, मुळी हातात धरता येते. साक्षात्कार खरा की भास, याचा निवाडा चित्रपट करत बसत नाही. हाती आलेल्या शक्तीचे गावात काय होते ते दाखवतो.

उलट बाजूचे, खुद्द चेन्नईतले उदाहरण कमल हासन यांच्या ‘आळवंदान’चे (2001). आधार त्यांच्याच ‘दायम’ या तमिळ कादंबरीचा, दिग्दर्शन सुरेश कृष्णा यांचे. मनोरुग्ण नंदूचे भास पडद्यावर आणताना काही ठिकाणी चित्रपट सरळ कार्टूनमध्ये शिरतो. विशेष दृश्यांसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो पडला. कारागिरी थक्क करते, पण कार्टून सुरू होताच हा भास आहे हे प्रेक्षकाला कळते आणि तो बाहेर उभा राहून बघू लागतो. खड्ड्यातल्या मास्तरांच्या बाबतीत ही सोय नाही.

आबे आणि तेशिगाहारा यांनी 1962 ते 1968 या काळात एकूण चार चित्रपट केले. इतर तिन्हींत मुखवटा, ओसाड खाण, नकाशा नसलेले शहर असे विषय त्यांनी हाताळले. वाळूइतका ठोस विषय त्यांतल्या एकातही नव्हता, आणि चारांत सरस ठरतो तोही वाळूचाच चित्रपट.