ठेव आणि पेंव

सांगलीस जाण्याचे प्रसंग आम्हांस आजवर पुष्कळ आले. परंतु गेल्या मार्गशीर्षांत गेलों, त्याचें निमित्त निराळें होतें. साठ वर्षांहून अधिक काळ चालत आलेलें आमचें तेथील बँकेंतलें खातें बंद करावें, असा घरांत ठराव झाला होता. मुलें पुण्यास, पैशाचा सारा व्यवहार हातांतल्या मोबाइलवर. मग सांगलीचें खातें हवें कशाला, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

हें खातें उघडलें इ. स. १९६१ सालीं, आमच्या मुंजीनंतर. भिक्षावळींत जमलेले एक्कावन्न रुपये घेऊन आजोबांनीं आम्हांस सांगली बँकेंत नेलें. क्षौर केलेल्या डोक्यावर टोपी, आणि समोरचा कठडा आमच्या नाकाएवढा उंच! पासबुकावर स्वतःचें नांव पाहून जो अभिमान वाटला, तो पुढें कोणत्याही परीक्षेच्या निकालानें दिला नाहीं. ही बँक इ. स. १९१६ मध्यें सांगलींतच स्थापन झालेली. आतां त्या दिवसाचा विचार करितां आजोबांच्या धैर्याचें नवल वाटतें. आदल्याच वर्षीं, ऑगस्ट १९६० मध्यें, केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाली होती. ठेवींचा विमा सुरू झाला तो १ जानेवारी १९६२ पासून, आणि तोही आरंभीं अवघा १,५०० रुपयांपर्यंत. म्हणजे आमच्या एक्कावन्न रुपयांस गांवच्या ओळखीपलीकडे आधार नव्हता. "पैसे बुडाले तर?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां आजोबा हंसून म्हणाले, "अरे, हरिपुरास पेंवांत हळद ठेवितात, ती काय बुडते?"

तें वाक्य आठवून आम्ही ह्या खेपेस गणपतीचें दर्शन घेतल्यावर प्रथम हरिपुरास गेलों. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचें हें गांव. 'संगीत शारदे'चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल येथलेच. पेंव म्हणजे जमिनींत खोदलेलें कोठार: तोंड माणूस उतरण्यापुरतें अरुंद, आंत पोट मोठें. तळाशीं आणि कडांस पाला अंथरून हळद भरीत व तोंड मातीनें लिंपून टाकीत. आंत हवा शिरत नसल्यामुळें कीड लागत नसे. हळद वर्षानुवर्षें राही. वरून पाहणाऱ्यास मात्र नुसती जमीन दिसे. कोणाचा माल कोठें आहे, हें जाणत्यांस ठाऊक, एवढाच काय तो दाखला!

तेथें भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें मात्र आम्हांस ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. "पेंव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, दादा. आंतली हवा वाईट. तोंड उघडून वारा खेळूं द्यायचा, दिवा सोडून बघायचं. दिवा विझला तर थांबायचं. बापानं हें पोराला सांगितलेलं असावं लागतं." पुढें तो म्हणाला कीं, इ. स. २००५ च्या महापुरांत पाणी शिरून पुष्कळ पेंवें निकामी झालीं. आजोबांचा दृष्टांत नदीनेंच खोडून काढला होता.

दुसऱ्या दिवशीं बँकेंत गेलों. बँक तरी जुनी कोठें राहिली आहे? इ. स. २००७ च्या एप्रिलांत सांगली बँक आय. सी. आय. सी. आय. बँकेंत विलीन झाली. त्या वेळीं घरांत सुतक असल्यासारखा विषाद पसरला होता. परंतु पाटी बदलली तरी पैसा न पैसा जागच्या जागीं राहिला, हेंही खरें. खातें बंद करण्याचा कागद आम्हीं पुढें केला. तेथील तरुण मुलीनें तो वाचून विचारलें, "काका, नॉमिनी म्हणून ज्यांचं नांव आहे, त्या आपल्या कोण?"

नांव आमच्या मातोश्रींचें होतें. त्यांस जाऊन एकोणीस वर्षें झालीं.

आम्ही ओशाळलों. ह्या खात्याच्या गोष्टी नातवंडांस शंभरदां सांगितल्या. परंतु तें एकदांही उघडून पाहिलें नव्हतें! उद्यां आमच्या मागें मुलें ह्या पेंवांत उतरलीं असतीं तीं दिव्यावांचूनच. आणि ज्या खात्याविषयीं एवढी माया, त्याची ही गत. मग इतर कागदांचें काय?

खातें आम्हीं बंद केलें नाहीं. त्यावर आमच्या सौभाग्यवतींचें नांव घातलें आणि परत आलों. मुलांनीं ठराव मोडल्याबद्दल थट्टा केली, ती ऐकून घेतली. पुढच्या रविवारीं मात्र सर्वांस बसवून घरांतील पासबुकें, ठेवींच्या पावत्या आणि विम्याचे कागद बाहेर काढले. कोठें काय आहे, त्यावर कोणाचें नांव आहे, याची यादी केली. दोन कागदांवर आणखी दिवंगतांचींच नांवें निघालीं.

आज ठेवींचा विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून, एका बँकेंत एका ठेवीदारास व्याजासह पांच लाखांपर्यंत आहे. आजोबांच्या काळीं हा आधार नव्हता. तो मिळाला हें बरेंच झालें. परंतु बँक सुरक्षित ठेवील ती रक्कम. ती कोठें आहे हें मुलांस सांगून ठेवण्याचें काम कोणताही कायदा आपल्या वतीनें करणार नाहीं. आमच्या घरीं तें साठ वर्षें राहून गेलें होतें. वाचकांच्या घरीं तसें नसेल तर आनंदच आहे. तरी येत्या रविवारीं एकदां कपाट उघडून पाहावें.