तारखेची लिपी

ओन कावाराचे चरित्र लिहू पाहणाऱ्याची आरंभीच पंचाईत होते. ख्याती लाभल्यावर या चित्रकाराने मुलाखती आणि छायाचित्रे टाळली. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत चरित्र म्हणून केवळ जगलेल्या दिवसांची संख्या छापली जाई. २०१४ मध्ये न्यूयॉर्क येथे तो वारला, तेव्हा ती २९,७७१ वर थांबली.

जपानमधील कारिया हे त्याचे जन्मगाव. १९५३-५४ मधील त्याच्या ‘न्हाणीघर’ या रेखाटनमालेत फरशांच्या बंदिस्त खोलीतील छिन्नविच्छिन्न देह दिसतात. युद्धोत्तर जपानची जाणीव त्यांतून थेट प्रकटते. १९५९ मध्ये त्याने देश सोडला आणि मेक्सिकोतील वास्तव्यानंतर १९६५च्या सुमारास तो न्यूयॉर्कला स्थिरावला. ४ जानेवारी १९६६ पासून ‘आज’ या मालिकेत त्याने एकच आशय पत्करला : चित्र ज्या दिवशी रंगवले त्या दिवसाची तारीख. एकरंगी पार्श्वभूमीवर हाताने रेखलेली पांढरी अक्षरे, एवढेच. मध्यरात्रीपर्यंत चित्र पुरे झाले नाही, तर तो ते नष्ट करी. अशी सुमारे तीन हजार चित्रे शंभराहून अधिक शहरांत सिद्ध झाली.

देहाकडून तारखेकडे झालेला हा प्रवास वैयक्तिकाकडून सार्वत्रिकाकडे गेला, असे सहज म्हणता येईल. तारीख सर्वांचीच असते. परंतु या मालिकेचा भाषाविषयक नियम ही समजूत डळमळीत करतो. तारीख त्या त्या देशाच्या भाषेत लिहायची. मात्र जेथे रोमन लिपी प्रचलित नाही, तेथे एस्पेरांतो ही निर्मित भाषा योजायची. परिणामी परदेशी असताना हा चित्रकार यजमानांच्या भाषेत लिहितो, आणि जपानमध्ये चित्र काढताना त्याला मातृभाषाच वर्ज्य ठरते. स्वतःच्याच देशात तो कोणत्याही देशाची नसलेली भाषा वापरतो.

म्हणजे ही सार्वत्रिकता लिपिनिरपेक्ष नाही. तिची सीमा रोमन वर्णमालेने आखलेली आहे, आणि त्या सीमेबाहेर जन्मलेल्या कलावंताने ती स्वतःहून, कोणतीही तक्रार न नोंदवता स्वीकारली आहे. स्थलांतरिताचे परकेपण येथे विषय म्हणून येत नाही. ते निर्मितीच्या नियमातच मुरले आहे. म्हणूनच या चित्रांत ‘मी’ नाही, हा निष्कर्ष अपुरा ठरतो. चित्रकाराने आपले चरित्र पुसले खरे. परंतु जपानमध्ये रंगवलेल्या प्रत्येक तारखेत, न लिहिलेल्या लिपीच्या रूपाने, ते शिल्लक उरले आहे.