कांजूर ते कांजूर

माणसे आगगाडीने काशीला जातात, पंढरपूरला जातात, कचेरीत जातात, लग्नाला जातात आणि प्रसंगी रुसून माहेरीही जातात. पण आगगाडीने केवळ आगगाडीसाठी जाणारा माणूस भेटला, की लोक त्याच्याकडे जरा काळजीने पाहू लागतात. ‘तिकडे काम काय काढलंत?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले, की पुढचा प्रश्न बहुधा प्रकृतीविषयी असतो.

वास्तविक या खुळाला जगात मोठी प्रतिष्ठा आहे. इंग्लंडात इयान ॲलन नावाच्या एका तरुण रेल्वे-कारकुनाने १९४२ साली एंजिनांच्या क्रमांकांची एक चोपडी छापली. ती हातोहात खपली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तिथली मुले वही-पेन्सिल घेऊन फलाटाच्या टोकाशी उभी राहू लागली. जपानी लोकांनी तर या खुळाचे वर्णभेदही पाडले आहेत. फोटो काढणारे निराळे आणि नुसते बसून हिंडणारे निराळे. या दुसऱ्या पंथाला ते ‘नोरी-तेत्सु’ म्हणतात. मी त्या पंथाचा. मला एंजिनाचा फोटो नको, त्याचा क्रमांकही नको. खिडकी हवी आणि उतरायची घाई नको.

राहायला मी कांजूरमार्गला. हे स्टेशन मोठ्या गाड्यांच्या खिजगणतीत नाही. धिम्या लोकल तेवढ्या थांबतात. जलद लोकल आणि मेल गाड्या भोंगा देऊन निघून जातात. पवईच्या आय.आय.टी.ची मुले इथे उतरतात, पूर्वेला मिठागरांवरून खाडीचा वारा येतो, आणि संध्याकाळी डेक्कन क्वीन आपल्याकडे ढुंकूनही न पाहता पुण्याला जाते. शौकिनाला याहून चांगली जागा कोणती? ज्या स्टेशनावर गाड्या थांबत नाहीत, तिथेच त्या खऱ्या पाहायला मिळतात!

माझी नोकरी विक्रोळीच्या एका कारखान्यात होती. घरापासून बसने दहा मिनिटांवर. म्हणजे आगगाडीशी माझे नाते सगळे हौसेचे. नोकरीसाठी रोज गाडी पकडली ती आमच्या घरातून हिने. फोर्टातल्या एका कचेरीत तिने तीस वर्षे काढली. निवृत्त झाल्या दिवशी पासाचे पाकीट देवापुढे ठेवून ती म्हणाली, “आता पुन्हा लोकलचं नाव काढायचं नाही.” आणि तिने ते खरोखरच काढले नाही.

म्हणून दसऱ्यानंतरच्या एका बुधवारी, ‘खोपोली आणि कसारा, एका दिवसात’ असा बेत मी जाहीर केला, तेव्हा ती “मीही येते,” म्हणाली, याचे मला नवल वाटले. अटी मात्र दोन होत्या. खिडकी तिची, आणि मी माहिती सांगायची ती दर स्टेशनाला एकच.

रविवार मी मुद्दामच टाळला. रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि वेळापत्रक पंचांगासारखे होते : लिहिलेले असते एक, घडते भलतेच. साध्या दिवसाचा एक फायदा मुरलेल्या शौकिनालाच ठाऊक असतो. सकाळी सारी मुंबई दक्षिणेला धावत असताना आपण उत्तरेला निघावे आणि संध्याकाळी उलट; गाडी जवळजवळ आपल्या मालकीची होते. तिकीट-खिडकीवरच्या बाईंनी “खोपोली की कसारा?” असे दोनदा विचारले. “दोन्ही,” म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नव्हे, हिच्याकडे सहानुभूतीने पाहिले.

भांडुप आले. मी पहिली माहिती काढली. मुंबईहून ठाणे-कल्याणमार्गे घाटांकडे रेल्वे न्यावी ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली सुचली, ती भांडुपला आले असताना, अशी नोंद आहे. म्हणजे हिंदुस्थानातल्या पहिल्या आगगाडीचा विचार आमच्या शेजारच्या स्टेशनावर जन्मला!

“भांडुपला लोक अजून विचारच करतात,” ही म्हणाली, “या गाडीत शिरावं की पुढच्या.”

ठाण्याला गाडी बदलली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून इथे पोचली. चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित. मला वाटले, या माहितीवर तरी दाद मिळेल. हिने मनातल्या मनात भागाकार केला. “एका डब्यात तीससुद्धा नाहीत! आमच्या डब्याच्या दारात तेवढ्या असायच्या.”

खोपोली लोकल आली. हिला खिडकी मिळाली. गाडी सुटताना खालच्या मोटारींचा सूर असा पायरीपायरीने चढत जातो, की गवयाने खर्जातून आवाज लावावा. मी तो डोळे मिटून ऐकत होतो. खाडी ओलांडली, पारसिकचा डोंगर आला आणि मुंब्र्याच्या वळणावर शेजारच्या रुळावरून मुंबईकडे जाणारी लोकल भरभरून गेली. दारातून बाहेर माणसांचे घोस लोंबत होते. हिने हात जोडले. वर डोंगरात मुंब्रादेवीचे देऊळ आहे, मी म्हटले, “नवसाची आहे म्हणतात.”

“देवीला नाही केला नमस्कार,” ती म्हणाली.

मग माझ्या ध्यानात आले. ९ जून २०२५ला सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारातली माणसे खाली पडली. काही जण प्राणास मुकले. कामाला निघालेली माणसे होती ती. मुंब्र्याची माहिती मी सांगितली नाही. कल्याणपर्यंत दोघेही गप्प होतो.

कल्याणला मध्य रेल्वेच्या दोन वाटा होतात. आग्नेयेला कर्जत, ईशान्येला कसारा. फलाटावरच्या पाटीवर कर्जतला ‘एस’ आणि कसाऱ्याला ‘एन’ अशी अक्षरे असतात. ही कोडी सोडवायला मला लहानपणी फार आवडे. “आम्हाला अक्षर बघायला वेळ नसे,” ही म्हणाली. “फलाटावर बायका कुठे उभ्या आहेत, त्यावरून गाडी ओळखायची.” हे ज्ञान कुठल्याही वेळापत्रकात नाही.

बदलापूर सुटले तशी मुंबईही सुटली. भात पिवळे पडू लागले होते, उल्हास नदी मधूनमधून दर्शन देत होती आणि डावी-उजवीकडून डोंगर हळूहळू जवळ येत होते. मध्येच एके ठिकाणी डब्यातले दिवे आणि पंखे क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू झाले. त्याचेही कारण आहे. वरच्या तारेतून २५,००० व्होल्टचा प्रवाह येतो. एका उपकेंद्राची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे तारेचा छोटा तुकडा मुद्दाम कोरा ठेवलेला असतो. तेवढे अंतर गाडी आपल्या वेगावर, श्वास रोखून पार करते. या मार्गावर विजेची गाडी प्रथम धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ला, बोरीबंदर ते कुर्ला, हार्बरमार्गे. तेव्हा दाब १,५०० व्होल्टचा होता. “हे स्टेशन नव्हे,” हिने हरकत घेतली. पण एकूण माहिती पसंत पडली असावी. कारण नेरळला माथेरानच्या छोट्या गाडीबद्दल तिनेच विचारले. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यातल्या अब्दुल हुसेन यांनी बांधलेली ती गाडी १९०७ साली सुरू झाली. रूळ अवघे दोन फूट रुंदीचे.

कर्जत. इथे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा एंजिने लागतात. पुढे बोरघाटात चढण सदतिसास एक आहे, म्हणजे दर सदतीस मीटर चालीला एक मीटर उंची. मोटारवाल्याला हा चढ वाटणारही नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फारसे घर्षण न होता पळते, म्हणून तर सपाटीवर एवढा भार सहज ओढला जातो. आणि नेमका तोच गुण घाटात दोष ठरतो. एंजिनांचे लागणे पाहत आम्ही बटाटेवडे खाल्ले. एंजिन टेकल्याचा हलका धक्का डब्याडब्यांतून पुढे गेला. हिने सबंध वेळ वडा हातात धरून ते पाहिले.

कर्जतपुढे पळसदरीला पुण्याचा रस्ता घाटाकडे चढू लागतो आणि आमची लोकल एकेरी मार्गाने केळवली, डोलवली, लौजी करीत खोपोलीला जाऊन थांबते. पुढे रूळच नाहीत. आज शेवटचे, आडबाजूचे वाटणारे हे स्टेशन एके काळी पुण्याच्या हमरस्त्यावर होते. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली वरून खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र १८६३ साली खुला झाला. तोवर उतारूंनी खोपोलीला उतरायचे, पालखीतून किंवा तट्टावरून घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडी पकडायची. घाटाची वाट पळसदरीहून फुटली आणि खोपोली मागे पडली.

खोपोलीच्या फलाटावर बसून मी घाटाची गोष्ट सांगितली. माहिती एकच, पण जरा लांब. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही. अनुभवी इंजिनियर हाताशी धरून तिने काम पुरे करविले. ऐन भरात चाळीस हजारांच्या वर मजूर त्या डोंगरात राबत होते. साथींनी आणि अपघातांनी त्यांतले हजारो मेले. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत.

ही बराच वेळ समोरच्या कड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही एवढे आकडे काढता. माझे किती किलोमीटर झाले असतील हो?”

मी तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. कांजूर ते बोरीबंदर सुमारे २५ किलोमीटर. जाऊन येऊन ५०. वर्षाचे २७० दिवस धरले, वर्षे तीस. उत्तर आले चार लाख पाच हजार. चंद्र आपल्यापासून सुमारे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरांवर आहे.

“म्हणजे तू चंद्रावर पोचून पुढे गेलीस,” मी म्हटले.

“उभ्याने,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने : “तुम्हाला गाडी आवडते, कारण तुम्हाला ती दिसते. मला तीस वर्षांत गाडी दिसलीच नाही. बायकांच्या पाठी दिसल्या. पण त्या पाठी मी आजही ओळखीन. कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलीचं जमलं, हे घरच्यांच्या आधी डब्याला कळायचं. भाज्या निवडल्या, हळदीकुंकू केलं, दसऱ्याला डब्याला तोरण बांधलं. नाव काढायचं नाही म्हटलं ते गर्दीचं. त्या बायकांचं नव्हे.”

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. मी इतकी वर्षे फलाटाच्या टोकाशी उभा राहून जे पाहत होतो, ते बाहेरचे लोखंड होते. आतली गाडी हिच्यापाशी होती.

परत कल्याणला येऊन कसारा गाडी धरली. हा भाग मला विशेष प्रिय. खडवलीला भातसा नदी, आसनगावला माहुलीचे सुळके, मग आटगाव, थानशीत, खर्डी, उंबरमाळी. नावे नुसती म्हणत गेले तरी हवा गार होते. कसाऱ्यापुढे थळघाट, तो १८६५ साली खुला झाला. बोरघाटाने मुंबई पुण्या-मद्रासला जोडली, थळघाटाने नागपूर-कलकत्त्याला. मुंबईची सारी श्रीमंती या दोन दारांतून आत आली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. कसारा बोरीबंदरहून १२१ किलोमीटरांवर आहे, आणि तिथून रोज मुंबईत कामाला जाणारी माणसे आहेत. जाता-येता पाच तास. “त्यांचा चंद्र लवकर येत असेल,” ही म्हणाली.

परतीच्या गाडीला उन्हे कलली. डोंबिवलीला एक तरुण मुलगी चढली. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात इस्पितळाचे ओळखपत्र. रात्रपाळीला निघाली असावी. बाक भरलेले पाहून दांडीला धरून ती उभ्या उभ्याच पेंगू लागली. हिने तिच्या कोपराला हात लावला, स्वतः उठली आणि तिला खिडकीशी बसवले. “विक्रोळीला उठवीन,” असे तिला सांगून ठेवले. पण त्या मुलीला ठाण्यालाच उतरायचे होते, तेव्हा ठाण्याला उठवले. दरम्यान ही ज्या सहजतेने वरची कडी न पाहता धरून, एक पाय किंचित पुढे टाकून उभी राहिली, ते पाहून मी थक्क झालो. पारसिकच्या वळणावर सारे हलले. ही हलली नाही. सदतिसास एकचा चढ चढणारे एंजिनसुद्धा असे उभे राहत नाही.

ठाण्याला धिमी गाडी धरली. तीनशेच्या वर किलोमीटर फिरून, कुठेही कामाला न जाता आम्ही कांजूरमार्गला उतरलो. समोरच्या फलाटावर मुंबईहून आलेली लोकल रिकामी होत होती. जिना माणसांनी भरून चालला होता. त्या गर्दीकडे पाहत ही जरा थांबली.

“पुढच्या महिन्यात कुठे?” तिने विचारले.

“दिवा ते वसई. भिवंडीवरून जाते. मोठी मजेची गाडी आहे.”

“चालेल,” ती म्हणाली. “आणि दर स्टेशनाला दोन माहित्या सांगितल्यात तरी चालतील. एक तुमची, एक माझी.”