कठीण कवच

गेल्या पावसाळ्यात सिल्वासातील एका वृद्ध विधवेच्या घरी गेलो, तेव्हा त्या अंधारात बसल्या होत्या. वीज गेलेली, नवी विजेरी उशाशी, पण जाड प्लास्टिकच्या वेष्टनात तशीच बंद! “फादर, हात म्हातारे झाले,” त्या ओशाळून म्हणाल्या. मी सुरी चालविली. विजेरी निघाली, परंतु माझा अंगठाही रक्ताळला.

प्लास्टिकचा पत्रा तापवून, साच्यावर बसवून हे कवच घडवितात व कडा उष्णतेने सांधतात. दुकानात चोरी होऊ नये, हा त्यातला एक हेतू. प्लास्टिकचे कारखाने आमच्या सिल्वासातही आहेत. चोरास अडविणारे वेष्टन मालकिणीसच अडवू लागले, तर दोष तिच्या हातांचा कसा? प्रिय वाचकहो, शेजारच्या आजीबाईंनी नवी वस्तू आणली, तर कात्री घेऊन अवश्य डोकावा.