चार वर्षांचं पीक

लावणी उरकली. सध्या वाडीत पाणी तुंबू नये म्हणून चर मोकळे करणं एवढंच काम आहे. म्हणून आज पिकाऐवजी प्रवेशाबद्दल लिहितो. जुलैत आपल्या चिंचणीत ज्या घरी बारावी झालेलं पोर असतं, तिथे दुसरा विषयच नसतो.

आमच्याकडे यंदा पुतणी आहे. तिला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग हवं होतं. कॅप फेरीत इलेक्ट्रिकल मिळालं. त्याच कॉलेजात कॉम्प्युटरची सीट मॅनेजमेंट कोट्यातून मिळते असं कळलं, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "दहा गुंठे काढून टाकू, पोरीचं मन मोडायला नको." त्या दहा गुंठ्यांत आमच्या वडिलांनी लावलेले चिकू आहेत, अजून धरतात.

मी म्हटलं, आधी हिशोब मांडू. कागद घेऊन तिलाच लिहायला बसवलं.

पहिली गोष्ट फीची. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. म्हणजे नुसती शाखा बदलायची तर आम्ही माफ झालेली फी सोडणार आणि वर जमीन विकणार. हॉस्टेल आणि मेसचा खर्च दोन्हीकडे आहेच. तो जड गेला तर शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंत केंद्राची हमी योजना आहे, त्यात तारण लागत नाही. जमिनीला हात लावायच्या आधी बँकेत विचारून घ्या.

दुसरी गोष्ट बाजाराची. ढोबळी मिरचीला एका वर्षी भाव लागला की पुढच्या वर्षी वाणगावपासून आपल्यापर्यंत सगळे ढोबळीच लावतात, मग वाशीला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कॉम्प्युटरचं तसंच चाललंय. 2024-25 पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावरची मर्यादा काढली. जागा वाढल्या. दुसऱ्या बाजूला 2025 मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं. मोठ्या आयटी कंपन्यांत साध्या फ्रेशरचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास कित्येक वर्षं अडकून आहे. ढोबळीचा भाव पडला तर पुढच्या हंगामात पीक बदलता येतं. हे पीक चार वर्षांनी निघतं.

याचा अर्थ कॉम्प्युटर वाईट असा नाही. ज्याला प्रोग्राम लिहायची खरी आवड आहे त्याने जरूर जावं. पण नुसत्या शाखेच्या नावावर काम मिळत नाही. आपल्या गावच्या डायमेकिंगचं बघा. पोलादावर हाताने नक्षी कोरणारे कारागीर इथेच घडले. आता नक्षी कॉम्प्युटरवर काढून मशीन कोरते. तिथेही नुसतं कॉम्प्युटर येऊन भागत नाही, दागिन्याची नक्षी कळावी लागते.

तिसरी गोष्ट आजूबाजूची. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे. तिथे पदवीधर इंजिनीअर गेटच्या गुणांवर घेतात, डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांसाठी प्रशिक्षणार्थी भरती वेगळी निघते. पण ही भरती देशभरातून होते, गाव जवळ म्हणून कोणी घेत नाही. बोईसर एमआयडीसीत केमिकल, औषधं, कापड, स्टील सगळं आहे, आणि प्रत्येक कारखान्याला वीज आणि कंट्रोल पॅनल सांभाळणारा माणूस लागतो. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच असतो, हेही तिला सांगितलं. अप्रेंटिस म्हणून लागलं तर 2019 च्या नियमांत पदवीधराला किमान 9000 आणि डिप्लोमावाल्याला 8000 रुपये महिना धरला होता. त्यात खोली आणि लोकलचा पास भागवायचा.

पोरीने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, बरीच आयटी कंपन्यांची भरती सगळ्या शाखांना खुली असते. मी इलेक्ट्रिकल घेते आणि प्रोग्रामिंग बाजूने शिकते. पण मला कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून इलेक्ट्रिकल घेतलं, असं घरात कोणी पाहुण्यांना सांगायचं नाही."

भाऊ काही बोलला नाही. काल तिने सीट निश्चित केली.

पाहुण्यांसमोर आम्ही किती तोंड सांभाळतो ते बघायचं. तुमच्यापैकी ज्यांची मुलं इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन करून बाहेर पडलीत, त्यांनी पहिल्या दोन वर्षांत काय शिकून ठेवावं ते खाली लिहा. दापोलीला कृषी अभियांत्रिकी केलेले कोणी असतील तर त्यांनीही लिहा, शेजारच्या घरात पुढच्या वर्षी बारावी आहे. तिला आणि त्यांना दोघांनाही वाचून दाखवतो.